हलगी वळली की आवाजही वळतो: दिशा असलेला ध्वनी मोजणं, रचणं आणि पुन्हा ऐकवणं

कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्त्या चालू असताना एकदा डोळे मिटून बसा. हौद्याच्या कडेनं हलगीवाला फिरत असतो. तुमच्याकडे तोंड करून वाजवतो तेव्हा काडीचा प्रत्येक फटका थेट कानात उतरतो. तो कडेला वळला की त्याच हलगीतलं अंग निघून जातं, आवाज हडकुळा होतो. पाठमोरा झाला की फटक्याची धार बोथट होते आणि समोरच्या पायऱ्यांवरून परतून आलेला आवाज जास्त कानात भरतो. तो किती लांब आहे हे तर कळतंच, पण त्याचं तोंड कुणीकडे आहे हेही डोळे न उघडता कळतं.

आता हीच हलगी एका माइकवर रेकॉर्ड करा आणि सॉफ्टवेअरमध्ये डावी-उजवी फिरवा. आवाज जागा बदलतो, पण वाजवणारा कधीच वळत नाही. जणू तो कायम तुमच्याकडेच तोंड करून सरकतोय. बहुतेक त्रिमितीय ध्वनीची कामं इथंच कमी पडतात. ऐकणाऱ्याच्या कानाची काळजी सगळे घेतात, वाजवणाऱ्याच्या पाठीची कुणी घेत नाही. म्हणून हा लेख वाजवणाऱ्याच्या बाजूनं सुरू होतो. उदाहरण हलगीचं घेतलंय, पण हीच पद्धत सनईला, तुतारीला, लावणी गाणाऱ्या गळ्याला चालते.

तुम्हाला रीपर (ध्वनी संपादनाचं सॉफ्टवेअर) चालवता येतं आणि पायथनमध्ये थोडीफार आकडेमोड करता येते, एवढं गृहीत धरतो.

आवाजाला दिशा येते कुठून

सगळं एका तुलनेवर उभं आहे: वाद्याचा आकार आणि ध्वनीची तरंगलांबी. १०० हर्ट्झच्या ध्वनीची लांबी साधारण ३.४ मीटर, १००० हर्ट्झची ३४ सेंटिमीटर, १०,००० हर्ट्झची ३.४ सेंटिमीटर. वाद्य लांबीपेक्षा खूप लहान असेल तर लाट त्याला वळसा घालून सगळीकडे पसरते. वाद्य लांबीएवढं किंवा मोठं झालं की आवाज एका बाजूला झोत धरतो. तुतारीचा खालचा सूर चौकात सगळ्यांना सारखाच ऐकू येतो, पण तिची लखलख फक्त तोंडासमोरच्या लोकांना मिळते, ती यामुळेच.

हे मोजायला एक आकडा पुरतो. वाद्याच्या त्रिज्येला २π नं गुणा आणि तरंगलांबीनं भागा. उत्तर १ च्या खाली असेल तर दिशेचा नमुना अगदी साधा असतो. ते जसं वाढतं तसा नमुना गुंतागुंतीचा होतो. माझ्याजवळच्या हलगीचा व्यास ३३ सेंटिमीटर आहे. तिच्यासाठी हा आकडा २४० हर्ट्झला ०.७, १००० हर्ट्झला ३ आणि ४००० हर्ट्झला १२ येतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे दोनदा लागणार आहे.

हलगी मला या कामासाठी फार आवडते, कारण ती मागून उघडी असते. तबल्याचा किंवा डग्ग्याचा मागचा आवाज भांड्यात कोंडला जातो. हलगीला फक्त कडं आणि त्यावर ताणलेलं पान. पान पुढे ढकललं गेलं की समोर दाब वाढतो आणि त्याच क्षणी मागे कमी होतो. म्हणजे समोरची आणि मागची लाट एकमेकींच्या उलट्या. कड्याच्या रेषेत, दोन्हीपासून सारख्या अंतरावर, त्या एकमेकींना खोडून टाकतात. याला डायपोल म्हणतात आणि त्याचा नकाशा इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा दिसतो: पुढे एक फुगा, मागे एक फुगा, कडेला खळगा. खासबागेत कडेला वळलेली हलगी हडकुळी वाटते ती या खळग्यामुळे.

एवढ्यावर भागत नाही. पान एकाच तऱ्हेनं हलत नाही. मध्ये मारलं की सगळं पान एकत्र वर-खाली होतं. कडेजवळ मारलं की पानाचे दोन भाग पडतात, एक वर जातो तेव्हा दुसरा खाली. आदर्श पडद्याच्या गणितात या दुसऱ्या कंपनाची वारंवारता पहिलीच्या १.५९ पट येते. त्याचा दिशेचा नमुना वेगळा: चार फुगे, मध्ये दोन खळगे. म्हणजे कुठं मारलं यावर फक्त सूर बदलत नाही, तो सूर कोणत्या दिशेला जातो हेही बदलतं. जाड काडीचा मधला ठोका आणि बारीक काडीची कडेवरची चुटकी यांना एकच नमुना लावून चालत नाही. प्रत्येक आघात वेगळा मोजायचा.

पहिली पायरी: मोजायची जागा

पुस्तकात लिहिलेलं असतं की हे मोजमाप प्रतिध्वनीरहित खोलीत करावं. तशी खोली हाताशी नसेल तर उसाचं रान आहे. ऊस तुटून गेल्यावर, नांगरट व्हायच्या आधी, रानात पाचट पसरलेलं असतं. त्याचा गुडघाभर थर वरच्या वारंवारतांसाठी चांगला शोषक ठरतो. भिंती नाहीत, झाडं लांब. मी पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावरही प्रयत्न केला होता. जागा सपाट आणि मोकळी, पण वारा माइक झोडपून काढतो आणि खाली कातळ असल्यानं जमिनीचा परावर्तित आवाज कडक येतो. रानच बरं.

वेळ पहाटेची. गळीत हंगामात सात वाजल्यापासून ट्रॅक्टर सुरू होतात, त्याआधी उरकायला हवं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. ध्वनीचा वेग तापमानानुसार बदलतो: १८ अंशांना सेकंदाला साधारण ३४२ मीटर, ३० अंशांना ३४९.५. दोन मीटर अंतरात हा फरक ०.१२५ मिलिसेकंदाचा पडतो. ऐकायला क्षुल्लक, पण १००० हर्ट्झला तो फेजमध्ये (लाट आपल्या चढउतारात कुठं आहे त्यात) ४५ अंश होतो. सकाळी निम्मं आणि दुपारी निम्मं मोजलं तर दोन्ही निम्मे एकमेकांशी जुळणार नाहीत. एकाच तासात सगळं संपवा आणि तापमान लिहून ठेवा.

दुसरी पायरी: माइकची कमान आणि फिरता पाट

शिवाजी उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपमधून अर्ध्या इंची पाइप वाकवून दोन मीटर त्रिज्येची कमान करून घ्या. बारीक पाइप मुद्दाम, म्हणजे त्यावरून आवाज फारसा परतत नाही. कमानीवर चार सारखे ओम्नी (सगळ्या दिशांनी सारखं ऐकणारे) कंडेन्सर माइक लावा: हलगीच्या पातळीला एक, ३० अंश खाली एक, ३० आणि ६० अंश वर एकेक. हलगी जमिनीपासून दीड मीटरवर, वादकाच्या हातात. दोन मीटर अंतर सुमारे ३००० हर्ट्झपर्यंत दूरचं मानता येतं. त्यावरचे आकडे थोडे सैल धरा.

माइक फिरवण्यापेक्षा वादक फिरवणं सोपं. कुंभार गल्लीत मोठी गणेशमूर्ती रंगवताना जो बेअरिंगवरचा फिरता पाट वापरतात, तो माणसाचं वजन सहज पेलतो. पाटाच्या कडेला खडूनं दर ३० अंशांवर खूण करा. बारा खुणा, चार माइक, म्हणजे ४८ दिशा. शेवटी एक माइक बांबूवरून बरोबर डोक्यावर धरून ४९ वी.

आता सगळ्यात महत्त्वाचा पाचवा माइक. तो हलगीवरच चिमट्यानं बसवा, पानापासून पाचेक सेंटिमीटरवर, वादकाबरोबर फिरणारा. याला मी साक्षीदार माइक म्हणतो. माणूस दोनदा अगदी सारखा ठोका मारू शकत नाही. पण प्रत्येक ठोक्याला साक्षीदार हजर असेल तर चार माइकवर आलेल्या आवाजाला साक्षीदाराच्या आवाजानं भागता येतं आणि ठोक्याच्या जोरातला फरक गळून पडतो.

हा माइक पानाच्या मध्यासमोर लावू नका. माझी पहिली अख्खी सकाळ या चुकीत गेली. दोन भागांत हलणाऱ्या कंपनाचा मध्यावर दाब शून्य असतो. साक्षीदाराला ते कंपन ऐकूच येत नाही, आणि शून्यानं भागायला गेलं की त्या वारंवारतेला आकडे आभाळाला भिडतात. मध्यापासून त्रिज्येच्या दोन तृतीयांशावर, काडी लागणार नाही अशा बाजूला, पण आघाताच्या रेषेच्या जवळ लावा.

सुरुवात करण्याआधी पाचही माइक एकत्र बांधून एका स्पीकरसमोर धरा, एक मिनिट गोंगाट वाजवा. त्यावरून माइकांमधला आपसातला फरक नंतर काढून टाकता येतो. मग प्रत्येक खुणेवर प्रत्येक आघाताचे पाच ठोके. तीन आघात धरले तर बारा खुणांवर १८० ठोके होतात. वादकाला हे आधी सांगून ठेवा आणि मध्ये चहा पाजा. दमलेल्या हाताचा ठोका वेगळा पडतो.

वादकाशिवाय, हलगी बांबूला टांगून, लोलकानं ठोका मारूनही मोजता येतं आणि आकडे जास्त स्वच्छ येतात. पण मग माणसाचं अंग नकाशात येत नाही. छाती आणि खांदे वरच्या वारंवारता मागच्या बाजूला अडवतात, आणि वादक पाठमोरा झाल्याचं कानाला कळतं ते मुख्यतः त्यावरून. मी माणसासकटच मोजतो.

तिसरी पायरी: आधी भागाकार, मग कात्री

जमिनीवरून परतलेला आवाज कापून टाकायचा आहे. हलगी आणि माइक दोन्ही दीड मीटर उंच, मध्ये दोन मीटर. थेट वाट २ मीटर, जमिनीवरून वाट ३.६ मीटर. फरक १.६ मीटर, म्हणजे ४.७ मिलिसेकंद. कापून उरलेल्या एवढ्या खिडकीत सुमारे २१३ हर्ट्झच्या वरचंच विश्वासानं बघता येतं. माझ्या हलगीचा सर्वांत खालचा सूर २४०च्या आसपास आहे, त्यामुळे भागतं. ३० अंश खालच्या माइकला मात्र फरक ०.६५ मीटरचाच, त्यामुळे त्याचे आकडे ५३० हर्ट्झच्या वरच खरे माना.

इथं बरेच जण अडखळतात. ठोक्याचा आवाज पावसेकंद घुमतो. त्यातून थेट ४.७ मिलिसेकंद कापले तर हलगीच कापली जाते. म्हणून आधी भागाकार करायचा. प्रत्येक माइकचा आणि साक्षीदाराचा क्रॉस-स्पेक्ट्रम (प्रत्येक वारंवारतेला दोन्ही आवाजांत सारखं काय आहे त्याचा हिशेब) पाच ठोक्यांवर सरासरी घ्या आणि साक्षीदाराच्या ऑटो-स्पेक्ट्रमच्या (त्याचा स्वतःशीच तसा हिशेब) सरासरीनं भागा. भाजकात छोटीशी स्थिर संख्या मिसळा, म्हणजे जिथं साक्षीदार गप्प आहे तिथं उत्तर फुगणार नाही. हा भागाकार उलटा फिरवून काळात आणला की साक्षीदारापासून माइकपर्यंतचा इम्पल्स, म्हणजे एका क्षणिक टिचकीला माइकवर येणारं उत्तर, मिळतो. त्यात थेट आवाजाचं टोक आणि जमिनीचं टोक वेगवेगळं दिसतं. कात्री तिथं लावा, मऊ उताराची.

लगेच एक तपासणी करा. २४० हर्ट्झला दिशेचा नकाशा काढा. कड्याच्या रेषेत, ९० आणि २७० अंशांना, खळगा दिसलाच पाहिजे. वादकाच्या अंगामुळे तो पूर्ण शून्य होणार नाही, पण समोरच्यापेक्षा १० डेसिबल तरी खाली हवा. ६० अंशांना सुमारे ६ डेसिबल कमी. समोर आणि मागे फेज उलटी. यातलं काही जुळत नसेल तर खुणा चुकल्यात, माइकची तार उलटी जोडलीय किंवा साक्षीदार हललाय. पुढे जाऊ नका.

चौथी पायरी: ४९ बिंदूंचा एक गोल

आता या विखुरलेल्या बिंदूंमधून सलग गोल बनवायचा. त्यासाठी स्फेरिकल हार्मोनिक्स वापरतात. हे गोलावरचे तयार नमुने आहेत: शून्य श्रेणीत एक, सगळीकडे सारखा. पहिल्या श्रेणीत तीन, प्रत्येक आठाच्या आकड्यासारखा. पुढच्या श्रेणी अधिकाधिक बारीक. श्रेणी ४ पर्यंत एकूण २५ नमुने होतात, कारण श्रेणीत एक मिळवून वर्ग करायचा. प्रत्येक वारंवारतेला या २५ नमुन्यांचं कोणतं मिश्रण मोजलेल्या ४९ आकड्यांशी जुळतं, ते लघुतम वर्ग पद्धतीनं काढा.

४९ बिंदू आहेत तर श्रेणी ६ का नको? कारण आपले बिंदू सारखे पसरलेले नाहीत. तळाची टोपी पूर्ण रिकामी आहे आणि तिथं गणित मनाला येईल ते भरतं. चारवर थांबा, वरच्या श्रेणींना थोडा दंड लावा.

आणि मघाचा आकडा इथं कामी येतो. श्रेणी ४ तेवढ्याच वारंवारतेपर्यंत पुरते जिथं त्रिज्या गुणिले २π भागिले तरंगलांबी ४ होते. माझ्या हलगीला ते १३०० हर्ट्झ. म्हणून ८०० हर्ट्झच्या खाली मी फेज जशीच्या तशी ठेवतो, कारण तिथं पुढे-मागे उलटेपणा हाच हलगीचा जीव आहे. १२००च्या वर फक्त तीव्रता घेतो आणि फेज शून्य मानतो. मधल्या पट्ट्यात एकातून दुसऱ्यात हळूहळू सरकतो. कानाला वर फेजच्या बारकाव्याचं फारसं पडलेलं नसतं, तीव्रतेच्या नकाशाचं असतं.

शेवटी प्रत्येक नमुन्याचा एक फिल्टर बनतो, ४८ किलोहर्ट्झला ५१२ सॅम्पलचा. पंचवीस फिल्टर, प्रत्येक आघाताचा वेगळा संच. दोन आघातांचे संच तृतीयांश-सप्तकात २ डेसिबलच्या आत जुळले तर एकच ठेवा.

या रचनेचा खरा फायदा वादन रेकॉर्ड करताना कळतो. साक्षीदार माइक त्याच जागी, त्याच चिमट्यात ठेवून वादकाला मनमुराद वाजवू द्या. तो नाचला, वळला तरी माइक हलगीबरोबरच आहे. त्या एका ट्रॅकला २५ फिल्टर लावले की सगळ्या दिशांची हलगी हातात येते.

ज्यांना मोजायला जमणार नाही त्यांनी दोन गोष्टी कराव्यात. पाश्चात्त्य वाद्यांसाठी बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठाचा खुला संग्रह आहे, ४१ वाद्यांचा, ३२ माइकच्या गोलात रेकॉर्ड केलेला. आपल्या वाद्यांसाठी अंदाजे नमुना बांधता येतो. आयईएम प्लग-इन सूट (त्रिमितीय ध्वनीसाठीच्या जोड-प्रोग्रामांचा संच) मोफत आहे. त्यातला डिरेक्टिव्हिटी-शेपर आवाजाचे चार पट्टे करून प्रत्येकाला वेगळा झोत देतो. फक्त आठाचा आकडा त्यातून नीट निघत नाही. त्यासाठी खालचा पट्टा वेगळा काढून ॲम्बिसोनिक्सच्या (स्फेरिकल हार्मोनिक्सच्या वाहिन्यांत ध्वनी ठेवण्याची पद्धत) चौथ्याच वाहिनीत सोडा, बाकी वाहिन्या रिकाम्या. एसीएन या वाहिन्यांच्या ठरलेल्या क्रमात चौथी वाहिनी म्हणजे पुढे-मागे आठाचा आकडा.

पाचवी पायरी: हलगी तालमीत

उघड्या रानातल्या हलगीला आता जागा द्यायची. कोल्हापुरात तालमी गल्लोगल्ली आहेत आणि बऱ्याच आयताकृती, त्यामुळे हिशेब सोपा. समजा तालीम १२ बाय ८ मीटर, उंची ५. घनफळ ४८०. दगडी भिंती, खाली तांबडी माती, वर कौलं. घुमारा १.१ सेकंद धरू.

यातून एक अंतर निघतं, जिथं थेट आवाज आणि घुमारा सारखे होतात: घनफळ गुणिले झोताचा गुणक, भागिले घुमाऱ्याचा काळ, त्याचं वर्गमूळ, गुणिले ०.०५७. सगळीकडे सारखा पसरणाऱ्या स्रोताला गुणक १, उत्तर १.२ मीटर. आठाच्या आकड्याला गुणक ३, उत्तर २ मीटरच्या थोडं वर. म्हणजे हलगीच्या तोंडासमोर चार मीटरवर बसलेल्याला दिशा धरलेल्या नमुन्यात थेट आवाज घुमाऱ्याच्या तुलनेत जवळजवळ ५ डेसिबल जास्त मिळतो. ‘जवळ आहे’ आणि ‘लांब आहे’ यातला फरक कानाला बराचसा यावरूनच कळतो.

रीपरमध्ये साखळी अशी लावा. साक्षीदार ट्रॅक, मग २५ फिल्टरांचा कन्व्हॉल्व्हर (ट्रॅकला फिल्टर लावणारं प्लग-इन). त्यानंतर आयईएमचाच सीन-रोटेटर, कारण वादकाला वळवायचं ते इथं. त्यानंतर रूम-एन्कोडर, त्यात तालमीची मापं, वादकाची जागा, ऐकणाऱ्याची जागा. रूम-एन्कोडर भिंतींच्या आरशातल्या प्रतिमा काढतो. दिशात्मक स्रोत दिला तर प्रत्येक प्रतिमेकडे जाणारा आवाज कोणत्या कोनातून सुटला ते बघून त्या कोनातलीच हलगी तिकडे पाठवतो.

ही पायरी सगळ्यांत जास्त फळ देते. दिशेचा परिणाम थेट आवाजात असतो त्याहून जास्त भिंतींवरून आलेल्या आवाजात असतो. वादक कडेला वळला की तुमच्याकडे येणारा थेट आवाज बारीक होतो, पण आता त्याच्या तोंडासमोर जी भिंत आहे ती भरभरून परत पाठवते. सीन-रोटेटरचा आडवा कोन ऑटोमेशननं हळू फिरवा आणि हेडफोन लावून ऐका. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मान आपोआप त्या बाजूला वळली होती.

दोन सूचना. एक, सगळीकडे एसएन३डी प्रमाण (श्रेणींची पातळी ठरवण्याची रीत) आहे ना ते तपासा. एका प्लग-इनमध्ये एन३डी राहिलं तर वरच्या श्रेणी फुगतात आणि हलगी टोकदार, कृत्रिम वाटते. दोन, प्रतिमांनंतरची घुमाऱ्याची शेपटी एफडीएन-रिव्हर्बनं द्या. तिला दिशा लागत नाही. सुरुवातीची ६०-८० मिलिसेकंदं बरोबर असली की शेपटी फक्त काळानं आणि पातळीनं जुळवायची.

खरी जागा घ्यायची असेल तर

रूम-एन्कोडरला फक्त चौकोनी खोली कळते. खासबाग कळत नाही, खिद्रापूरच्या कोपेश्वराचा वर उघडा स्वर्गमंडप तर अजिबात नाही. तिथं जाऊन स्वीप (खालपासून वरपर्यंत सरकत जाणारा सूर) वाजवून मोजावं लागतं. प्रचलित मानक सांगतं की सगळीकडे सारखा पसरणारा स्पीकर वापरा. घुमारा मोजायला ते बरोबर, पण आपल्या कामाला नाही, कारण त्या मोजमापात वादकाचं तोंड कायमचं पुसलं जातं. त्याऐवजी साधा, झोत असलेला स्टुडिओ स्पीकर त्याच जागी ठेवून सहा दिशांना वळवा: चार बाजू, वर, खाली. ऐकणाऱ्याच्या जागी सगळ्या दिशा टिपणारा ॲम्बिसोनिक माइक. सहा स्वीप, सहा उत्तरं. नंतर हलगीच्या नमुन्यानुसार प्रत्येक वारंवारतेला त्या सहांना वजन देऊन मिसळा. नमुना जाडाभरडा येतो, पण जागा खरी असते.

आणि हे लांबणीवर टाकू नका. केशवराव भोसले नाट्यगृहात, शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेल्या त्या रंगमंचावर, मला हे मोजायचं होतं. दर वर्षी म्हणायचो, दिवाळीनंतर बघू. ऑगस्ट २०२४ मध्ये ते आगीत सापडलं. वास्तू पुन्हा उभी राहते, पण त्या जुन्या लाकडाचा, त्या छताचा आवाज कुणी मोजून ठेवला नसेल तर तो परत आणता येत नाही. तुमच्या गावात असं जुनं थिएटर, वाड्याचा चौक, देवळाचा मंडप असेल तर परवानगी काढा आणि येत्या महिन्यातच मोजा.

सहावी पायरी: पुन्हा ऐकवणं

सर्वांत सोपं म्हणजे हेडफोन. शेवटी बायनॉरल-डीकोडर (ध्वनी दोन कानांसाठी बदलून देणारं प्लग-इन) लावा. डोक्याची हालचाल टिपणारं छोटं यंत्र मिळालं तर जरूर जोडा, कारण मान हलवल्यावर आवाज जागेवर राहिला की समोर-मागे हा घोळ बहुतेक मिटतो.

खोलीत आठ स्पीकरचं रिंगण करायचं असेल तर आडव्या पातळीत तिसऱ्या श्रेणीपर्यंत जाता येतं. मघाचा आकडा आता दुसऱ्यांदा कामी येतो, यावेळी ऐकणाऱ्याच्या बाजूनं. तिसरी श्रेणी १००० हर्ट्झला मधोमध साधारण १६ सेंटिमीटर त्रिज्येचाच गोल खरा उभा करते. एका डोक्यापुरता, आणि योगायोगानं हलगीएवढाच. ५०० हर्ट्झला दुप्पट. त्यामुळे एकट्यासाठी हे उत्तम, दहा जणांसाठी नाही. घरातल्या खोलीचा स्वतःचा आवाज दाबायला भिंतीपासून १० सेंटिमीटर सोडून घोंगडी टांगा. साधारण ८५० हर्ट्झच्या वर फरक पडतो. भिंतीला चिकटवलेल्या वाकळीपेक्षा ते कितीतरी चांगलं.

पण प्रेक्षकांसाठी मला आवडणारी पद्धत वेगळीच आहे. सगळ्यांभोवती खोटी जागा उभारण्यापेक्षा खरी जागाच वापरायची आणि तिच्यात फक्त खरा स्रोत ठेवायचा. ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये यासाठी वीस पृष्ठांचा, वीस स्पीकरचा गोळा बनवलाय, जो झोत हव्या त्या दिशेला फिरवतो. आपल्याला दोन छोटे स्पीकर पाठीला पाठ लावून सुरुवात करता येते. दोघांना सारखाच आवाज दिला तर तो सगळीकडे पसरतो. एकाला उलटा दिला तर आठाचा आकडा, म्हणजे हलगी. दोन्हींचं मिश्रण केलं तर एका बाजूला फुगलेला नमुना, जवळजवळ गळ्यासारखा. दोन शंकूंमध्ये ३० सेंटिमीटर असतील तर हे सुमारे ५०० हर्ट्झपर्यंत नीट चालतं. त्यावर फक्त पुढचा स्पीकर वाजवा, त्याचा स्वतःचा झोत पुरतो. आठाच्या आकड्यात खालचा आवाज दर सप्तकाला ६ डेसिबलनं पडतो, तेवढा ईक्यूनं उचला, पण स्पीकर जळणार नाही इतकाच. हा जोड फिरत्या पाटावर ठेवून तालमीत नेला की भिंती बाकीचं काम फुकट करतात. दहा माणसं कुठंही बसली तरी प्रत्येकाला आपल्या जागेवरची खरी हलगी मिळते.

तपासणी

कानानं तपासायला साधा प्रयोग करा. वादकाला पडद्यामागे उभा करा. कधी तो खरा वाजवेल, कधी स्पीकरचा जोड. दोन्ही वेळा समोर, कडेला, पाठमोरा अशा दिशा बदलत. ऐकणाऱ्यांनी फक्त एवढंच लिहायचं: तोंड कुणीकडे आहे. ‘खरं की खोटं’ विचारू नका, लोक मग आवाजाचा पोत शोधत बसतात आणि दिशा राहून जाते. खऱ्या हलगीला जितकी उत्तरं बरोबर येतात साधारण तितकीच जोडाला आली, तर नमुना ठीक. कडेची दिशा ओळखू आली नाही तर खळगा उथळ आहे, चौथ्या पायरीकडे परत जा. पाठमोरी दिशा ओळखू आली नाही तर वादकाचं अंग नकाशात नीट आलेलं नाही.

सगळं जुळलं की २५ फिल्टर आणि मूळ ४९ मोजमापं सोफा (दिशेनुसार मोजलेल्या ध्वनीसाठीची फाइल) स्वरूपात साठवा. ध्वनीचं हे मानक २०१५ पासून आहे आणि बहुतेक साधनं ते वाचतात. फाइलच्या माहितीत वाद्याचा व्यास, पान कातड्याचं की फायबरचं, तापवून ताणलं होतं का, साक्षीदार माइक नेमका कुठं होता, तापमान, आणि ० अंश म्हणजे हलगीचं तोंड की वादकाचं नाक, हे लिहा. शेवटचं विसरलात तर पुढच्या माणसाची हलगी भलत्याच बाजूला तोंड करून वाजत राहील.